टायरवरचा एकतीस आणि टेपवरचा साडेएकोणतीस

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर तापलेल्या भिंती अजून धग सोडत होत्या, तेवढ्यात इथे सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, मला गंडवलंय. एकतीसचे टायर म्हणून पैसे घेतले आणि घरी येऊन मोजले तर साडेएकोणतीस भरतायत."

त्याने जुन्या मॉडेलची, म्हणजे २०२० च्या आधीची थार सेकंडहँड घेतली होती. गाडीला मूळचे २३५/७० आर १६ टायर होते. ते काढून त्याने पंधरा इंची अलॉय रिम आणि ३१×१०.५० आर १५ मापाचे मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर, टाकले. जुन्या थारवाल्यांत हा बदल फार आवडीचा आहे. घरी आल्यावर त्याने टायरशेजारी लाकडी पट्टी उभी धरली आणि जमिनीपासून टायरच्या डोक्यापर्यंतची उंची मोजली. ७५२ मिमी. भागिले २५.४, म्हणजे २९.६ इंच. दीड इंच गेला कुठे?

मी हसलो, कारण हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त टायरबद्दल नाही, चादरीबद्दल. आमच्या घरी माग होते. मागावर कापड ताणलेलं असतं तेव्हा त्याचा पन्ना एक भरतो, मागावरून उतरवून घडी घातली की थोडा कमी भरतो आणि पहिल्या धुण्यानंतर आणखी कमी. गिऱ्हाईक घरी जाऊन धुतलेली चादर मोजतं आणि परत येऊन भांडतं. वडील प्रत्येक वेळी एकच विचारायचे, "कधी मोजली?" टायरच्या बाबतीतही नेमकं हेच विचारायला हवं. कधी मोजला, कशावर चढवून मोजला, आणि त्याच्यावर वजन किती होतं?

आधी आकडे काय सांगतात ते बघू. २३५/७० आर १६ यात २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची, साईडवॉलची उंची ही रुंदीच्या सत्तर टक्के. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यात आणि रिम इंचात! ही खिचडी कुणी शिजवली कोण जाणे, पण जगभर हीच चालते. यात टायरची पूर्ण उंची कुठेच लिहिलेली नाही, ती आपण काढायची. २३५ चे सत्तर टक्के १६४.५, वर आणि खाली मिळून ३२९, त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिळवा. ७३५.४ मिमी, म्हणजे एकोणतीस इंचाला किंचित कमी.

३१×१०.५० आर १५ ही पद्धत वेगळी. हिला फ्लोटेशन साईझ म्हणतात. रुंद टायर कमी हवेवर मऊ जमिनीत रुतण्याऐवजी वर तरंगल्यासारखा चालतो, म्हणून हे नाव. अमेरिकेतल्या पिकअप आणि जीपगाड्यांमुळे ती रूढ झाली. इथे सगळं इंचांत आणि सरळ: उंची ३१, रुंदी साडेदहा, रिम १५. हिशोब करायची गरजच नाही. म्हणूनच माणूस फसतो. जिथे हिशोब करावा लागतो तिथे आपण सावध असतो, आणि आकडा आयता हातात मिळाला की तो टेपने मोजलेलाच असणार असं धरून चालतो.

तो टेपने मोजलेला नसतो. तो नाममात्र आकडा असतो, टायर कुठल्या गटातला आहे हे सांगणारा. नामांकित कंपन्यांचे तांत्रिक तक्ते उघडून पाहा. ३१×१०.५० आर १५ समोर प्रत्यक्ष व्यास बहुतेक ठिकाणी ३०.५ इंचांच्या आसपास छापलेला असतो. तेहतीसच्या टायरसमोर साडेबत्तीस ते ३२.८, पस्तीससमोर साडेचौतीसच्या घरात. म्हणजे अर्धा इंच तर कंपनीच कमी सांगते, फक्त दुकानाच्या पाटीवर नाही, तक्त्यात. तो तक्ता कुणी बघत नाही.

मेट्रिक मापाच्या टायरमध्ये तरी आकडा तंतोतंत येतो का? नाही. मोटारींच्या टायरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३० आहे. त्यात रेडियल टायरच्या (मापातला 'आर' तो हाच) साईडवॉलच्या उंचीला खाली तीन टक्के आणि वर चार टक्के अशी सूट आहे. आपल्या २३५/७० आर १६ ला ती लावली तर सगळ्यात बुटका टायर ७२५ मिमीचा आणि सगळ्यात उंच ७४८ चा, आणि दोन्ही कायदेशीर! एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये जवळजवळ एक इंचाचा फरक पडू शकतो आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. रुंदीला चार टक्क्यांपर्यंत जास्तीची सूट आहे. कमी असली तरी चालते.

ही मापं घ्यायची रीतही त्याच नियमात दिलेली आहे, आणि मला ती वाचताना मजा वाटली. टायर ठरलेल्या रुंदीच्या रिमवर चढवायचा, हवा भरायची, चोवीस तास खोलीच्या तापमानाला तसाच ठेवायचा, मग हवा पुन्हा ठरलेल्या दाबावर आणायची. त्याच्यावर गाडीचं वजन अजिबात नाही. रुंदी सहा ठिकाणी कॅलिपरने मोजायची आणि सगळ्यात मोठा आकडा धरायचा. व्यास मात्र पट्टी लावून मोजतच नाहीत. सगळ्यात मोठा घेर मोजतात आणि ३.१४१६ ने भागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्याच्याकडे गेलो. सकाळी का, ते पुढे सांगतो. सोबत आईचा शिवणकामाचा टेप. तो पूर्ण घेराला पुरत नाही म्हणून सुतळीने घेर घेऊन मग सुतळी टेपवर मोजायची असं ठरलं. चाकाखाली जॅक लावला, चाक अधांतरी केलं. मड टायरच्या गुटक्यांमध्ये खोल खाचा असतात, सुतळी तिथे आत जायला बघते, म्हणून ती मधल्या गुटक्यांच्या माथ्यावरून ताणून नेली. घेर आला २,४२५ मिमी. भागिले ३.१४१६, बरोबर ७७२ मिमी. म्हणजे ३०.४ इंच.

मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे रात्रीतून वाढला?"

वाढला नाही, सुटा झाला. काल त्याने मोजला तेव्हा गाडी टायरवर बसलेली होती. टायरचा वरचा अर्धा भाग वजनाखालीही साधारण गोलच राहतो, खालचा दबतो. आम्ही जॅक काढून चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं: ३६६ मिमी. सुटा असताना त्रिज्या ३८६. म्हणजे वीस मिलिमीटर टायर खाली बसला होता. ३८६ आणि ३६६ मिळवा, ७५२. कालचाच आकडा. त्याचं मोजमाप चुकलं नव्हतं, कंपनीनेही फसवलं नव्हतं. ३१ मधला अर्ध्या इंचाहून थोडा जास्त नावातच गेला आणि पाऊण इंचाहून थोडा जास्त गाडीच्या बुडाखाली.

आता रुंदी. साडेदहा इंच म्हणजे २६६.७ मिमी. टायरच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या उभ्या धरून मधलं अंतर घेतलं, तेही जॅकवरच, कारण जमिनीवर टेकलेला टायर खालून फुगतो आणि तिथे मोजलं तर खोटी खुशी होते. आलं २५३. दहा इंचालाही जरा कमी. याचं कारण टायरमध्ये नव्हतं, रिममध्ये होतं. या मापाचा टायर साडेआठ इंच रुंद रिमवर चढवून मोजतात. त्याचे नवे अलॉय सात इंच रुंदीचे निघाले. सात इंची रिम या टायरला चालते, मनाई नाही, पण रिम अरुंद झाली की टायरचे दोन्ही पाय जवळ येतात आणि पोट आत ओढलं जातं. रिमच्या रुंदीत अर्ध्या इंचाचा फरक पडला की टायरच्या रुंदीत साधारण पाच मिमीचा पडतो, असा ढोबळ हिशोब आहे. दीड इंच कमी, म्हणजे पंधरा मिमी कमी. २६६ मधून पंधरा वजा करा, जवळपास बसतं.

आणि ही झाली पोटाची रुंदी. जमिनीला टेकणारी नक्षी त्याहून बरीच अरुंद असते. त्याच्या टायरची नक्षी काठापासून काठापर्यंत २१५ मिमी भरली. लोक साडेदहा इंच ऐकतात आणि साडेदहा इंच रबर मातीला टेकतंय असं डोळ्यांपुढे आणतात. तसं कुठल्याच टायरचं नसतं, मग तो मड टायर असो की मारुतीचा. हा आकडा साईडवॉलच्या एका फुगवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचा असतो, नक्षीचा नाही. त्यातही साईडवॉलवरची उठावदार अक्षरं आणि दगडापासून वाचवणाऱ्या कडा यात धरत नाहीत. त्या धरल्या तर रुंदी पुन्हा वाढते, आणि चाक पूर्ण वळवल्यावर चेसिसला किंवा मडगार्डला घासणार की नाही हे त्या वाढलेल्या मापावर ठरतं. एकाच टायरला तीन रुंद्या, आणि तिन्ही खऱ्या.

इथे एक गोष्ट आठवली. मी टायरच्या दुकानात बसलो की ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांचं बोलणं ऐकतो. ते "तेरा सहा अठ्ठावीस द्या" म्हणतात. १३.६-२८. यात अठ्ठावीस ही रिम, तेरा पॉइंट सहा ही इंचांतली नाममात्र रुंदी, आणि उंची? लिहिलेलीच नाही. ट्रॅक्टरवाला कधी तक्रार करत नाही, कारण त्याला उंचीचं कुणी आश्वासनच दिलेलं नाही. जुना टायर शेजारी उभा करून बघतो आणि घेऊन जातो. ही पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

मग या सगळ्याने फरक काय पडतो? मावसभावाला दोन गोष्टींत रस होता, गाडीखालची मोकळी जागा आणि ॲव्हरेज.

मोकळ्या जागेचा हिशोब त्याने कागदावर केला होता. ७८७ वजा ७३५, बावन्न मिमी, त्याच्या निम्मे सव्वीस. निम्मे कारण चाकाचा मध्य टायरच्या त्रिज्येइतकाच वर येतो, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याला शाबासकी दिली. पण वजाबाकी छापलेल्या आकड्यांची होती. मागच्या दरवाजावर लटकणारी स्टेपनी अजून जुन्याच मापाची आणि जवळजवळ कोरी होती. तीच सुतळी तिच्याभोवती फिरवली. घेर २,३०० मिमी, व्यास ७३२. म्हणजे खरा फरक चाळीस मिमी, आणि ॲक्सल वर आला तो वीस. सव्वीसच्या जागी वीस. सीना नदीच्या काठच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर सहा मिलिमीटरने कोण सुटणार आणि कोण अडकणार, हे मी सांगू शकत नाही. त्या मातीचा चिकटा टायरच्या खाचांत एकदा बसला की एकतीस काय आणि तेहतीस काय, सगळे टायर गोटा होतात. तिथे खरी मदत हवा कमी केल्याने होते, कारण मग टेकणारा पट्टा लांब होतो. तेव्हा टायर उंचीला आणखी बुटका होतो, ही त्यातली गंमत.

ॲव्हरेजची गोष्ट जरा वेगळी. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही, तो अजून जुन्या टायरचेच फेरे मोजतो. ७७२ भागिले ७३२, साडेपाच टक्के. मीटरवर ऐंशी दिसतात तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीने पळत असते. अक्कलकोटला जाऊन ४० किलोमीटर खरे चाललात तर मीटर ३८ दाखवणार. टाकी ते टाकी हिशोब केला की ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं, त्यातला साडेपाच टक्क्यांचा भाग निव्वळ मीटरचा भास. बाकीची घट खरी: जड टायर, मोठी नक्षी, आणि मोठ्या चाकामुळे सगळेच गिअर थोडे लांब झालेले. घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो तो याचमुळे. छापील आकड्यांनी हिशोब केला असता तर फरक सात टक्के दिसला असता आणि त्याने मीटर त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतला असता. मग तो उलट बाजूला चुकला असता.

एका फेऱ्यात गाडी नेमकी किती जाते, हेही आम्ही बघितलं. टायरला खडूची खूण, सिमेंटच्या रस्त्यावर खूण, गाडी हळू ढकलत तीन फेरे. ७.०७ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २,३५७ मिमी. सुतळीचा घेर होता २,४२५. हे सत्तर मिमी कुठे गेले? टायर खाली दबलेला असतो, म्हणून तो पूर्ण घेराइतका पुढे जात नाही. पण दबलेल्या त्रिज्येने, ३६६ ने, हिशोब केला तर २,३०० येतात, आणि तो त्याहून जास्तच जातो, कारण आतला पोलादी पट्टा फारसा आकसत नाही. खरा आकडा दोघांच्या मधे पडतो. युरोपातल्या टायर तंत्रज्ञांनी रेडियल टायरसाठी यावर सोपा तोडगा काढला आहे: व्यासाला ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणा. ७७२ गुणिले ३.०५, २,३५५. खडू आणि सुतळीने आम्ही दोन मिमीच्या आत पोचलो होतो, याचा मला त्या दिवशी उगाच फार अभिमान वाटला.

सकाळी लवकर का गेलो, ते राहिलं. सोलापुरात मे महिन्यात सकाळ आणि दुपार यात चौदा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो. टायरमधल्या हवेचा दाब दर सात अंशांना साधारण एक पीएसआयने (दाब मोजायचं एकक) वाढतो. सकाळी अठ्ठावीस असलेला टायर दुपारी उभ्या उभ्या तीस होतो, उन्हात रस्त्यावर पळवला तर आणखी. रेडियलचा सुटा घेर याने फारसा बदलत नाही, पण वजनाखालची उंची बदलते. म्हणून मोजायचं ते सकाळी, थंड टायरवर.

आणि झीज. कोऱ्या मड टायरची नक्षी चौदा-पंधरा मिमी खोल असते. आपल्याकडे मोटारींना किमान १.६ मिमी नक्षी लागते. तिथपर्यंत झिजवला तर दोन्ही बाजूंचे मिळून सव्वीसेक मिमी, म्हणजे एक पूर्ण इंच जातो. त्याचा आजचा ३०.४ चा टायर दोन-तीन वर्षांनी साडेएकोणतीसच्याही खाली येणार. जॅकवर, सुटा. मूळ मापाचा कोरा टायर तेव्हा याच्या अगदी जवळ येऊन उभा राहील.

एका गोष्टीवर मात्र मी त्याला खडसावलं. जुन्या थारचं फोर बाय फोर गरजेपुरतं लावायचं असतं. ते लावल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. अशा वेळी पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात फरक असेल तर चिखलात टायर थोडा घसरून तो फरक जिरवतो, डांबरावर जिरवायला जागा नसते, ताण गिअरमध्ये साठतो. म्हणून एकाच मापाच्या पण वेगळ्या कंपनीच्या टायरची जोडी पुढे आणि मागे लावू नये, आणि या गाडीवर जुन्या मापाची स्टेपनी लावून फोर बाय फोर अजिबात टाकू नये. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकायचे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याचे कागद आधी वाचावेत, हेही सांगितलं. त्याने मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

स्टेपनीचं मात्र ऐकलं. आठवड्याने आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. दुकानदार चाचा काउंटरवर चहा पीत बसले होते. मावसभाऊ भांडायला येतोय असं वाटून त्यांनी आधीच हात जोडले. त्याने सांगितलं, "भांडायला नाही आलो चाचा, पाचवा टायर घ्यायला आलोय. पण मोजून घेणार."

खिशातून सुतळी काढली. तिला २,४२५ वर गाठ मारून आणली होती. पोऱ्याने त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टायर पाचव्या अलॉयवर चढवला, हवा मारली. सुतळी फिरवली तर गाठ जुळली नाही, सहा मिमी कमी पडत होती. चाचांनी कप खाली ठेवला, सुतळीकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्ताच चढवलाय भैया. रात्रभर राहू द्या, उद्या या."

दुसऱ्या दिवशी गाठ जुळली नाहीच. आता सात मिमी कमी पडत होती.